कोपर

वारज्यात, फर्निचरच्या दुकानाखालच्या तळघरात
मी केतकी घुलेच्या छातीवर बसले आहे
आणि तीन मिनिटं झाली, काहीच घडत नाहीये.

वरून बायपासचे ट्रक जातात, मॅट किंचित थरथरते.
तिचे कोपर बरगड्यांना शिवलेले,
हनुवटी गळ्यात रुतवलेली,
मुठी छातीशी, थंडीत चहाचा पेला धरावा तशा.
धरायला कापड नाही. बाही नाही, गळपट्टी नाही.
जे हाताला लागतं ते घामाने निसटतं.

धनवडे सर भिंतीला टेकून उभे. मूळचे लाल मातीतले.
पहिल्या दिवशी म्हणाले होते,
"आमच्यात पाठ लागली की खेळ खलास.
हलगी थांबली, फेटे उडाले, चला घरी.
इथं पाठ लागल्यावर सुरू होतो.
मला पचायला दोन वर्षं गेली."

मी ओढून पाहते. मनगट धरून, दोन्ही हातांनी,
दातांनीसुद्धा म्हणा.
कोपर हलत नाही. माझाच तोल जातो
आणि ती कमरेतून एकदाच उसळते;
क्षणभर भिंतीवरचं बँकेचं कॅलेंडर उलटं दिसतं.
परत येते. कशीबशी.

दिवसा मी सहकारनगरात गोठलेले खांदे उघडते.
श्रोत्री काका येतात,
शर्टाची बटणं बायकोकडून लावून घ्यावी लागतात म्हणून चिडलेले.
"दुखलं तर मी सांगेन. सारखं विचारू नका."
त्यांचा हात मी कधीच ओढत नाही.
कोपराखाली तळवा ठेवते, त्याचं ओझं माझ्याकडे घेते
आणि थांबते.
खांदा लगेच विश्वास ठेवत नाही.
मग काका सुनेच्या स्वयंपाकाबद्दल काहीतरी काढतात
आणि बोलता बोलता
दोन अंश देतात.
दोन अंश म्हणजे पुष्कळ झाले.

मग इथे कशाला ओढतेय मी?

गुडघे वर सरकवते, बोटभर, पुन्हा बोटभर,
तिच्या काखांपर्यंत.
वजन कुठे ठेवायचं ते कळलं की जोर लागत नाही.
तिचं डोकं तळहातावर उचलून घेते,
तान्ह्या बाळाचं घेतात तसं,
फक्त त्यात माया नाही.
आता तिला श्वास अर्धाच पुरतो.
बोटं कोपर आणि बरगडीच्या फटीशी मुंगीच्या चालीने फिरवत
मी तिच्या उच्छ्वासाची वाट पाहते.

तो सुटतो.
कोपर सुटतो, दोन अंश.

तेवढंच. तिचं मनगट तिच्याच मानेमागून फिरवून धरते;
आता तिचा हात तिच्याच विरुद्ध साक्ष देतोय.
ती कुशीवर वळते. तिला वाटतं सुटका तिकडे आहे.
तसं वाटावं म्हणूनच ती जागा मी मोकळी ठेवली होती.
पाय चेहऱ्यावरून पलीकडे, गुडघे जुळलेले,
तिचा अंगठा छताकडे,
मी मागे झुकते.

इथून पुढचे अंश मला तोंडपाठ आहेत.
कुठे सांधा कुरकुरतो, कुठे माणूस खोटं हसतो,
आणि कुठे थांबलं नाही तर
हीच पोर सहा महिने माझ्या टेबलावर येईल.

ती माझ्या पोटरीवर दोनदा थोपटते.
दुसऱ्या थापेआधीच मी सोडलेलं असतं. धंद्याची सवय.

केतकी उठून बसते. एकोणीस वर्षांची,
कपाळावर माझ्या हनुवटीचा लाल ठसा.
"ताई, तुम्ही ओढायच्या थांबलात ना,
तेव्हा भीती वाटली मला."

धनवडे सर घड्याळ बघतात. "दीड मिनिट आहे अजून."

हात मिळवतो. या वेळी मी खाली.
कोपर बरगड्यांना. हनुवटी गळ्यात.
ती चढते, नीट बसते, माझं मनगट शोधते
आणि अर्थातच
दोन्ही हातांनी ओढू लागते.